जवाची भाकरी, कोवळं गवत आणि सुपारी

राखणीच्या कुत्र्याला मेलेल्या मेंढीचं मांस अजिबात खाऊ घालू नये, असं मार्कुस व्हारो या रोमन पंडिताने इसवी सनापूर्वी ३७ मध्ये लिहून ठेवलं आहे. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता आणि आपल्या शेतीच्या ग्रंथात जन्मभराचं पाहिलेलं, ऐकलेलं सारं नोंदवून ठेवत होता. एकदा का त्या मांसाची चव लागली, की कुत्र्याला स्वतःला आवरणं जड जातं, हे त्याने दिलेलं कारण. मग द्यायचं काय? जवाची भाकरी, तीही कोरडी नव्हे, तर दुधात कुस्करून. या खाण्याची सवय लागलेला कुत्रा कळप सोडून सहसा जात नाही, असं व्हारो म्हणतो. शिवाय हाडांचा रस्सा आणि फोडलेली हाडं; त्यांनी दात बळकट होतात, जबडा रुंदावतो. कुत्र्याच्या कानांना आणि बोटांच्या बेचक्यांत कडू बदाम पाण्यात वाटून चोळावेत, म्हणजे माश्या, गोचिड्या आणि पिसवांमुळे तिथे जखमा होत नाहीत, इतक्या बारीकसारीक गोष्टी त्याने सांगितल्या आहेत.

त्याच्यानंतर शंभरएक वर्षांनी कोलुमेला हा दुसरा शेतीलेखक तोच धडा पुढे नेतो. जिथे गुरं आहेत तिथे जवाचं पीठ आणि दूध नासवून उरलेली निवळी. जिथे नुसत्या द्राक्षबागा आहेत, कुरण नाही, तिथे गव्हाची भाकरी आणि शिजवलेल्या, घेवड्यासारख्या कडधान्याचं पाणी. मात्र ते कोमट हवं. कढत पाण्याने कुत्रा पिसाळतो, अशी त्याची समजूत होती. समजूत चुकीची, पण शिजवलेलं अन्न निववून घालण्याची सवय चांगलीच.

मांसाहारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याला भाकरीवर पोसणं हा गरिबाघरचा नाइलाज होता, असं पुष्कळ काळ मानलं गेलं. आपल्याकडे धनगरवाड्यावरचं कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या बाजरीच्या भाकरीवर आणि ताकादुधावर वाढलं, त्याचंही असंच मोजमाप झालं. पण २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या जनुकांची तुलना ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा चित्र पालटलं. पिठूळ अन्न पचवणारा अमायलेज हा पाचकरस स्वादुपिंडात तयार होतो. त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाने धान्य पिकवायला घेतलं आणि त्याच्या उकिरड्याभोवती, अंगणात वावरणाऱ्या कुत्र्याचं पोटही त्या धान्याशी जुळत गेलं. व्हारोची जवाची भाकरी नाइलाजाची असेलही, पण ती खाणाऱ्याच्या पोटाला मानवणारी होती. हाडांचा रस्सा आणि दूध सोबत असल्याने ती कोरडी राहिली नाही, एवढंच नव्हे तर बऱ्यापैकी पुरी पडली.

अन्नाइतकंच जुनं प्रकरण गवताचं आहे. कुत्रा आजारी पडला की कसलंसं गवत खाऊन उलटी करतो आणि पोटात जंत झाले की शेतातला उभा गहू खातो, असं अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवलं. थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात त्यात भर घातली. कुत्र्यांनी ‘कॅनारिया’ नावाची एक वनस्पती शोधून काढली आहे, तिने त्यांची मेलेली भूक परत येते. ती ते आपल्या डोळ्यांदेखत खातात, तरी ती कोणती हे माणसाला कधीच कळत नाही, कारण दिसते ती खाऊन झालेली, खुडलेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्ञानकोशातली ही नोंद कुतूहलाने भरलेली आहे. कुत्र्याच्या मागे मागे वावरात जाऊन, वाकून, खुडलेले शेंडे पाहणारं कुणीतरी त्या नोंदीमागे नक्की असणार.

मध्ययुगातल्या शिकारी दरबारांनी हे निरीक्षण दिनचर्येत आणलं. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी राज्य करणाऱ्या गास्तों फेबुस या सरदाराने १३८७ मध्ये शिकारीवरचा आपला फ्रेंच ग्रंथ लिहायला घेतला. त्याची पॅरिसमध्ये जपलेली एक सचित्र प्रत प्रसिद्ध आहे. तिच्यातल्या एका चित्रात नोकर कुत्र्यांची शुश्रूषा करताना दिसतात: कुणी पंजा हातात धरून पाहतो आहे, कुणी तोंड उघडून. पुढे यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने १४०६ ते १४१३ च्या दरम्यान या ग्रंथाचं इंग्रजी रूपांतर केलं आणि त्यात स्वतःची भर घातली. श्वानशाळेत कामाला ठेवलेल्या पोराने काय करायचं, हे त्यात तपशिलाने येतं. सकाळ-संध्याकाळ कुत्र्यांना बाहेर काढायचं, हिवाळ्यात तर ऊन वर आल्यावरच. कुरणात त्यांना मनसोक्त हुंदडू द्यायचं, एकेकाला विंचरायचं, गवताच्या पेंडीने अंग पुसायचं. आणि मग जिथे कोवळं गवत किंवा धान्याची रोपं उगवली आहेत अशा जागी न्यायचं, कारण ते त्यांचं औषध आहे. ते खाऊन त्यांचं पोट साफ होतं. औषध देणारा इथे कुणी नाही. पोराने फक्त जागा दाखवायची, निवड कुत्र्याने करायची.

गवताचं हे कोडं अलीकडे कॅलिफोर्नियात उलगडू लागलं. डेव्हिस इथल्या विद्यापीठात पशुवैद्य बेंजामिन हार्ट आणि कॅरन सुएडा यांनी दीड हजारांहून अधिक कुत्रेपाळकांना प्रश्न विचारले. गवत खाण्याआधी कुत्रा आजारी वाटला, असं सांगणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि खाल्ल्यावर नेहमी उलटी होते असं सांगणारे सुमारे बावीस टक्के. म्हणजे अंगणातली हरळी चघळणारं कुत्रं बहुतेक वेळा ठणठणीत असतं. मग खातं कशाला? हार्ट यांचा कयास असा की ही रानटी पूर्वजांकडून आलेली खोड आहे: न पचणारे तंतू आतड्यांतून जाताना जंतांना गुंडाळून बाहेर नेतात. तसं असेल तर उभ्या गव्हाबद्दलची अ‍ॅरिस्टॉटलची नोंद नेमकी बसते.

सगळंच निरीक्षण इतकं नेमकं नव्हतं. पिसाळण्यापुढे सारे हतबल होते आणि हतबलतेतून अघोरी उपाय निघाले. जिभेखाली एक बारीक दोरीसारखा स्नायुतंतू असतो, तोच पिसाळण्याचं मूळ असलेला ‘जंत’ समजून तो पिल्लांच्या जिभेखालून शतकानुशतकं कापून काढला गेला. प्लिनीने कुत्रा चावलेल्या माणसासाठी रानगुलाबाचं मूळ सांगितलं. एका सैनिकाच्या आईला ते स्वप्नात दिसलं, अशी कथाही जोडली. रेबीजवर त्या मुळाचा काडीचाही उपयोग नाही. जंतांवरचे उपायही असेच धसमुसळे होते. लंडनचा नामांकित पशुवैद्य विल्यम युअट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुत्र्यांच्या जंतांवर चक्क काचेची वस्त्रगाळ पूड देत असे, चरबी आणि सुंठ घालून केलेल्या गोळीतून.

काचेपेक्षा पुष्कळ शहाणं औषध जहाजांतून आलं आणि ते मराठी वाचकाच्या घरात पानाच्या तबकात आहे. सुपारी! व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये सुपारीची दंतमंजनं चिनी मातीच्या डब्यांतून विकली जात, आणि श्वानपालनाच्या पुस्तकांत तीच सुपारी जंतांवरचा हुकमी इलाज म्हणून आली. रीत ठरलेली होती. कुत्र्याला उपाशी ठेवायचं. सुपारी ताजी किसायची, कारण जुन्या भुकटीचा गुण उतरतो. वजनाच्या दर पौंडामागे दोन ग्रेन घ्यायची. आणि काही तासांनी वर एरंडेल पाजायचं. आजच्या मापात दहा किलोच्या कुत्र्याला जेमतेम तीन ग्रॅम. श्रीवर्धनपासून गोव्यापर्यंतच्या वाड्यांत नारळाच्या सावलीत उभी असलेली पोफळ लंडनच्या श्वानशाळेत अशी पोचली.

ती लागू का पडे, हे १८८८ नंतर समजत गेलं. त्या वर्षी जर्मन रसायनतज्ज्ञ यान्स याने सुपारीतून अरेकोलीन हे द्रव्य वेगळं काढलं. ते पट्टकृमीचे स्नायू लुळे पाडतं, त्यामुळे आतड्याच्या भिंतीला चिकटलेली त्याची पकड सुटते. त्याच वेळी आतडं जोराने आकुंचन पावतं आणि सुटलेला कृमी बाहेर फेकला जातो. बऱ्याचदा तो मेलेला नसतो, नुसता बधिर असतो. कुत्र्याचे मात्र हाल होत: लाळ गळायची, पोटात कळा यायच्या, उलट्या व्हायच्या. मात्रा चुकली तर जिवावर बेतायचं. घरच्या कुत्र्यावर आज हा प्रयोग मुळीच करू नये.

दरम्यान खाणं घरातून दुकानात गेलं. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन विजेपासून बचाव करणाऱ्या सळ्या विकायला लंडनला आला होता. गोदीतली कुत्री खलाशांची टणक बिस्किटं खाताना त्याने पाहिली, असं सांगतात. १८६०च्या सुमारास गहू, बीट, भाज्या आणि मांसाचा अंश घालून केलेली त्याची श्वान-बिस्किटं बाजारात आली. त्याच कंपनीत कामाला लागलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ मध्ये आपल्या नावाचं श्वानप्रदर्शन भरवलं. बिस्किटाने सोय झाली यात शंका नाही. पण कुत्र्याच्या ताटात काय पडतं हे घरच्या बाईला ठाऊक असे, ती ओळख तुटली.

ती परत जोडण्याचा हट्ट धरला ज्युलिएट द बैराक्ली लेव्ही यांनी. १९१२ मध्ये मँचेस्टरला जन्म, वडील तुर्की, आई इजिप्तची. पशुवैद्यकाचं शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या जिप्सी आणि भटक्या पशुपालकांकडून वनौषधी शिकल्या. लंडनमध्ये त्यांनी डिस्टेंपर हा रोग झालेल्या कुत्र्यांसाठी दवाखाना चालवला, अफगाण हाउंड पाळले आणि १९५५ मध्ये कुत्र्यांच्या वनौषधींवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. कच्चं मांस, जवाचे आणि ओटचे पोहे, दूध, मध, समुद्रशेवाळ, बारीक चिरलेली पार्सली, रोझमेरी, लसूण. आठवड्यातून एक लंघन. आणि भरपूर पळणं. डबाबंद खाण्यावर पोसलेल्या, पोट सतत बिघडलेल्या कुत्र्यांना यातून गुण आला असणं सहज पटतं. ताजं अन्न, तंतू आणि व्यायाम यांचा तो गुण होता.

लेव्ही जिथे घसरल्या तिथे मात्र त्यांची भलामण करता येत नाही. त्या लसीच्या विरोधात होत्या. डिस्टेंपर विषाणूने होतो हे फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे याने १९०५ मध्येच दाखवलं होतं. लंडनजवळच्या मिल हिल इथे लेडलॉ आणि डंकिन यांनी १९२०च्या दशकात फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर प्रयोग करून त्यावर लसही बनवली. रोझमेरीने विषाणू अडत नाही. पुढे लसणाचाही हिशेब लागला. २००० मध्ये जपानी संशोधकांनी कुत्र्यांना शरीराच्या दर किलोमागे पाच ग्रॅम लसणाचा अर्क सात दिवस दिला, तर त्यांच्या तांबड्या रक्तपेशी बिघडल्या. कांदाही तसाच घातक. उरलेला कांदा-लसणाचा रस्सा मायेने भाकरीवर ओतणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

सुपारीची गोष्ट तिकडे न्यूझीलंडमध्ये वेगळ्याच वळणावर पोचली होती. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा एक पट्टकृमी असतो, अवघा काही मिलिमीटर लांब. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, तिथून मेंढीच्या किंवा माणसाच्या पोटात जातात आणि यकृतात, फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या मोठ्या गाठी तयार होतात. त्या मेंढीचं कच्चं यकृत कुत्र्याने खाल्लं की चक्र पुरं होतं. मेंढ्यांच्या या देशाने १९५९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. गावोगाव ठरलेल्या जागी शेतकरी आपली कुत्री घेऊन येत, ती ओळीने बांधली जात आणि अधिकारी त्यांना अरेकोलीन पाजत. जुलाब झाले की तो मल गोळा करून, धुऊन त्यात कृमी शोधायचे. ज्याचं कुत्रं बाधित निघे, त्याच्या घरी कच्ची कलेजी कुत्र्याला पडते आहे हे सगळ्यांना समजे. औषधापेक्षा हे समजणंच जास्त कामी आलं. व्हारोने कळप वाचवायला घातलेली बंदी इथे माणसाचं यकृत वाचवायला घालावी लागली.

१९७०च्या दशकात प्राझिक्वांटेल आलं. ते कृमी मारतं आणि कुत्र्याला फारसा त्रासही देत नाही. अरेकोलीन मागे पडलं आणि २००२ मध्ये न्यूझीलंडने आपण या रोगातून तात्पुरते मुक्त झाल्याचं जाहीर केलं. भारतात या गाठी आजही मेंढ्या-बकऱ्यांत, म्हशींत आणि माणसांतही सापडतात. प्राझिक्वांटेलची गोळी इथल्या औषधाच्या दुकानात मिळते. पण मटणाच्या दुकानाबाहेर ताटकळणाऱ्या कुत्र्यापुढे गाठ आलेलं कच्चं फुफ्फुस भिरकावलं जातं तेही थांबायला हवं. ते खोल पुरलं किंवा नीट उकळून घातलं, तर गोळीची वेळच क्वचित येईल.