वारली चित्रापासून लेझर-कट जाळी

वारली चित्रात गेरूच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेषा उमटते. लेझरने कापलेल्या जाळीत त्या रेषेच्या जागी पोकळी येते. त्यामुळे चित्राचे पुनर्रेखन अटळ ठरते.

प्रथम चित्र स्कॅन करून त्याचे व्हेक्टर आरेखन करतात. प्रत्येक आकार बंद असावा लागतो. एकावर एक आलेल्या रेषा पुसाव्या लागतात. खरी अडचण 'बेटां'ची असते. पूर्ण वर्तुळ कापले की आतील भाग गळून पडतो. तारपा नृत्याचे सर्पिल अखंड कापले, तर मधला पत्रा स्प्रिंगसारखा लोंबतो. म्हणून जागोजागी न कापलेले 'पूल' राखतात. आकृती पत्र्यातच राखायची असल्यास दोन त्रिकोण मिळतात ती कंबर किंचित जाड करावी लागते.

लाकूड व अ‍ॅक्रिलिक यांसाठी १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा कार्बन डायऑक्साइड लेझर, तर पोलादी पत्र्यासाठी सुमारे १ मायक्रोमीटरचा फायबर लेझर योग्य ठरतो. पीव्हीसी कधीही कापू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. अंतिम कापणीपूर्वी पुठ्ठ्यावर नमुना कापून पाहणे हिताचे.

पद्मश्री (२०११) जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला भिंतीवरून कागदावर आली आणि चित्रकाराचे नाव चित्राशी जोडले गेले. जाळीत ते नाव हरवू नये. समकालीन चित्रावर चित्रकाराचा स्वामित्वहक्क असतो. त्याची लेखी अनुमती, मोबदला आणि नामोल्लेख या कामाच्या पहिल्याच पायऱ्या होत.