गाडलेल्याची हाक : हिमबीकनची कुळकथा

वलगावच्या खळ्यावर ट्रान्झिस्टर लावून नागपूर आकाशवाणी ऐकणाऱ्यांना एक गोष्ट सवयीनं ठाऊक होती : आवाज खरखरला, की रेडिओ थोडा फिरवायचा. आत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. कांडी स्टेशनला आडवी आली की आवाज भरतो, तिचं टोक स्टेशनकडे वळलं की पडतो. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस शोधणारं बीकन याच गुणावर चालतं.

त्याच्याआधी होती दोरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बव्हेरियाचे गिर्यारोहक ऑयगेन ऑर्टेल यांनी सुचवलं, की धोक्याचा उतार ओलांडताना लांब दोरी अंगाला बांधून मागे सोडावी. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर दिसेल. पण पुष्कळदा दोरीही गाडली जायची. मग रांगेनं सळ्या खुपसत पुढं सरकायचं, त्यात तास जायचे. तेवढा अवधी नसतोच. 1994 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून दिसलं, की पूर्ण गाडलेल्यांपैकी 15 मिनिटांच्या सुमारास दहातले नऊ जिवंत असतात. 35 मिनिटांनी जेमतेम तीन.

1968 मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत जॉन लॉटन यांनी प्रश्नच उलटा केला : गाडलेल्यानंच हाक द्यावी. 1971 मध्ये त्यांचं ‘स्काडी’ विक्रीला आलं. प्रत्येकाच्या अंगावर एक, सगळी संदेश सोडत असलेली. कोणी गाडलं गेलं, की उरलेल्यांनी आपापलं यंत्र ‘शोध’वर टाकायचं आणि इअरफोनमधला आवाज वाढेल तिकडं जायचं.

स्काडी 2.275 किलोहर्ट्झवर बोलायचं. युरोपात पुढं 457 रुळलं. एकाची हाक दुसऱ्याला ऐकूच जायची नाही. काही वर्षं दोन्ही लहरींची यंत्रं वापरून काम भागवलं गेलं; 1996 च्या सुमारास 457 सर्वमान्य ठरलं. माझ्या मते या कुळकथेतली ही सर्वांत मोलाची पायरी, कारण शोध एकानं लावला तरी जीव वाचायला सगळ्यांचं एकमत लागलं. 1997 च्या डिजिटल ‘ट्रॅकर’नं दिशा दिव्यांनी आणि अंतर आकड्यांनी दाखवायला सुरुवात केली.

आपल्याकडे हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी 1969 मध्ये मनालीला संस्था उभी राहिली. तरी हिमाचा घाला चुकत नाही. जानेवारी 2017 मध्ये काश्मीरच्या गुरेझमध्ये बर्फाखाली गेलेल्या जवानांत अकोला जिल्ह्यातलेही होते. फेब्रुवारी 2023 मध्ये गुलमर्गच्या अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू दगावले.

म्हणून वऱ्हाडातून गुलमर्गला स्कीइंगला जाणाऱ्या पोरापोरींना कळकळीनं सांगणं आहे : आखलेली वाट सोडणार असाल तर आधी हिमाचा इशारा विचारा. बीकन, सळी आणि फावडं तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत, आणि पुरून ठेवलेलं बीकन शोधण्याचा सराव निघण्याआधीच झालेला हवा. बाहेरची मदत पोचेपर्यंत ती मिनिटं सरलेली असतात. वाचवणारा असतो तो सोबतीच.