संवेदकाधारित खत-सिंचन

हरितगृहातील पिकांच्या मुळांजवळील ओलावा, विद्युतवाहकता व सामू संवेदकांनी मोजून त्यानुसार ठिबक संचातून पाणी आणि विद्राव्य खते देण्याची पद्धत. कोकोपीटसारखे माध्यम पिशवीत मोजकेच असते. त्यामुळे मात्रेतील चूक शेतातल्यापेक्षा लवकर भोवते.

विद्युतवाहकता (एकक : डेसीसीमेन्स प्रतिमीटर) विद्राव्य क्षारांचे एकूण प्रमाण सुचविते, नत्र किती, पालाश किती, हे सांगत नाही. युरिया विरघळविल्यास तर ती जवळजवळ वाढतच नाही. म्हणून प्रयोगशाळेतील पृथक्करणाला हे उपकरण पर्याय ठरत नाही. निचऱ्याच्या पाण्याची वाहकता दिलेल्या द्रावणापेक्षा बरीच अधिक आढळल्यास माध्यमात क्षार साचत असल्याचे समजून निचरा वाढवितात; अन्यथा ओलावा असूनही मुळांना पाणी शोषणे जड जाते व पानांच्या कडा करपतात. तापमानाच्या दर अंशामागे वाहकता सुमारे २ टक्क्यांनी वाढते, म्हणून नोंद २५° से. तापमानास रूपांतरित करतात.