भाईंदरच्या खाडीतले लोखंड

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे भाईंदरला आला, तो खिशात एक पत्र्याची डबी घेऊनच. "मामा, तुमच्या खाडीवरच्या जुन्या पुलाशी ही लपवायची आहे," म्हणाला. मला वाटले, पोराने काही चोरूनबिरून आणले की काय! चौकशीअंती कळले, हा जगभर चालणारा खेळ; जिओकॅशिंग त्याचे नाव. डबी लपवून जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. ज्याला सापडेल त्याने आतल्या वहीत नाव लिहून ती पुन्हा तिथेच ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या नागरी संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढली, आणि लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली लपविली. ओस पडलेले रेल्वेमार्ग आणि पूल ही या मंडळींची आवडती ठिकाणे.

"पण या पुलाचे तुला काय ठाऊक?"

"इंग्रजांनी बांधला."

वर्गातही हेच उत्तर येते. मी त्याला अर्धा गुण देतो.

बी. बी. सी. आय. रेल्वे १८५५ साली स्थापन झाली. तिचे काम गुजरातेतून सुरू झाले आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजी तिची गाडी मुंबईत ग्रँट रोडला पोहोचली. वाटेत आडवी आली ही वसईची खाडी. मध्ये पाणजू बेट, म्हणून पूल एक नव्हे, दोन. आणि तळाशी चिखल! लेफ्टनंट कर्नल केनेडी यांनी त्यावर उपाय केला तो स्क्रूचा. पोकळ बिडाच्या खांबाला खाली रुंद पाते. वर आडवे दांडे लावून माणसांनी किंवा बैलांनी गोल गोल रेटायचे, की खांब चिखलात उतरत जायचा. त्यावर साठ साठ फुटांचे गर्डर. या स्क्रूचा जनक अलेक्झांडर मिचेल ऐन तारुण्यात पूर्ण आंधळा झालेला. वाचकहो, पाण्याखालचा तळ डोळसालाही दिसत नाही, हे त्या आंधळ्याने किती अचूक ओळखले!

पुढे पूल बदलले. काँक्रीटचे आले आणि जुना लोखंडी पूल रिकामा पडला. गाडीतून तो दिसला की लहानपणी मला उगीच भीती वाटे.

भाच्याला डबी पुलावरच हवी होती. मी साफ नकार दिला. एका नावापायी कोणाचा पोर खाली जायचा! शिवाय गाडीतून निर्माल्य भिरकावणारे भाविक असतातच. त्यांचा नारळ पुलावरून पायी जाणाऱ्या पाणजूकराला लागतो, याची त्यांना खबरही नसते. अखेर रुळांपासून लांब, काठावरच्या दगडांत जागा ठरली.

भाच्याने वही उघडली. "मामा, पहिले नाव तुमचे."

केनेडींचे नाव पुस्तकात आहे, मिचेलचेही आहे. दांडे रेटणाऱ्यांपैकी एकाचेही मला आजवर आढळले नाही.

"पहिले पान कोरे ठेव," मी म्हणालो.

"लोक म्हणतील, चुकून राहिले."

"म्हणू देत."

त्याने पान उलटले, दुसऱ्यावर तारीख घातली आणि डबीचे झाकण घट्ट लावले. भरतीचे पाणी चढू लागले होते.