इझुमी, अराता

इझुमी, अराता : (३१ जुलै १९८२). जपानमध्ये जन्मलेले भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक, आक्रमक मध्यरक्षक. संपूर्ण नाव नीलकंठ अराता इझुमी खंभोळजा. वडील गुजराती, आई जपानी. जन्म शिमोनोसेकी येथे. होन्शू बेटाच्या पश्चिम टोकावरचे हे शहर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारखेच मासळीच्या उलाढालीवर वाढलेले बंदर आहे.

जपानी खेळाडूंचा भरणा असलेल्या सिंगापूरच्या आल्बिरेक्स नीगाता संघातून खेळून ते २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने त्यांना घेतले. तेथे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. २००९ मध्ये परेरा पुणे एफसीकडे गेले आणि इझुमीही त्याच वर्षी पुण्यात दाखल झाले. महिंद्राने २०१० मध्ये आपला संघच बंद केला.

पुण्यातला काळ हा त्यांच्या कारकिर्दीचा गाभा. क्लब २००७ मध्ये स्थापन झालेला, पाठीशी कोलकात्यासारखी शतकाची परंपरा नाही की गोव्यासारखे फुटबॉलवेडे गाव नाही. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात घरचे सामने होत. अशा संघाने २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा क्रमांक पटकावला. महाराष्ट्रातल्या क्लब फुटबॉलच्या इतिहासात या हंगामाला मिळायला हवे तेवढे श्रेय अजून मिळालेले नाही.

याच सुमारास, २०१२ मध्ये, त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. भारतीय राज्यघटना व नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. परदेशी पारपत्र असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला ओसीआय कार्डावर येथे राहता येते, काम करता येते. पण डिसेंबर २००८ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने घेतलेल्या भूमिकेनुसार देशाची जर्सी फक्त भारतीय नागरिकालाच मिळते. जपानचा कायदाही तितकाच कडक आहे : आपणहून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की जपानचे संपते. त्यामुळे इझुमींना जपानी पारपत्रावर पाणी सोडावे लागले. जगातल्या बहुतेक देशांची दारे व्हिसाशिवाय उघडणारे ते पारपत्र. ते गेल्यावर जन्मगावी जायचे तरी भारतीय म्हणून व्हिसाचा अर्ज करणे आले. खेळाडू म्हणून उमेदीची थोडीच वर्षे उरलेली असताना, वयाच्या तिशीत त्यांनी हे केले, हे विसरता कामा नये. भारताकडून खेळण्यासाठी परदेशी नागरिकत्व सोडणारे भारतीय वंशाचे ते पहिले फुटबॉलपटू. यानंतर असे दुसरे उदाहरण, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सचे, घडायला २०२५ साल उजाडले.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्ध त्यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. तो सामना भारताने २-४ असा गमावला. प्रशिक्षक विम कूवरमान्स यांच्या मार्गदर्शनाखाली ते एएफसी चॅलेंज चषकाच्या त्या वर्षी झालेल्या पात्रता फेरीत व काठमांडूच्या सॅफ स्पर्धेत भारतीय संघात होते. सॅफच्या अंतिम सामन्यात भारत अफगाणिस्तानकडून हरला. त्यांच्या वाट्याला आंतरराष्ट्रीय सामने मोजकेच आले. महिंद्रात असतानाच नागरिकत्वाचा प्रश्न सुटला असता, तर भारताला त्यांची ऐन भरातली वर्षे मिळाली असती.

क्लब फुटबॉलमध्ये या निर्णयाचा लगेच परिणाम दिसला. संघातील परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. इझुमी भारतीय गणले जाऊ लागल्यावर संघाची एक परदेशी जागा मोकळी होऊ लागली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत झालेल्या इंडियन सुपर लीगच्या लिलावात मोजक्याच निवडक भारतीय खेळाडूंवर बोली लागली. त्यांत सुनील छेत्रीबरोबर इझुमीही होते. अॅटलेटिको दि कोलकाताने त्यांच्यासाठी ६८ लाख रुपये मोजले. पुणे एफसी त्याच वर्षी बंद पडला. कोलकात्यात गोल करून त्यांनी बोली सार्थ ठरवली. २०१६ मध्ये एफसी पुणे सिटी आणि २०१७-१८ च्या हंगामात केरळ ब्लास्टर्स हे त्यांचे पुढचे संघ.

जपानशी नाते असलेले आणि महाराष्ट्राशी संबंध आलेले ते एकमेव खेळाडू नव्हेत. कात्सुमी युसा हे मुंबईच्या ओएनजीसीकडून खेळून मोहन बागानला गेले आणि २०१४-१५ च्या आय-लीग विजेत्या संघाचे घटक बनले. आई जपानी असलेले, लंडनमध्ये जन्मलेले साय गॉडर्ड २०२०-२१ मध्ये विजेत्या मुंबई सिटीत होते. मात्र खेळ थांबल्यावरही येथेच राहून पुढची पिढी घडवण्याचे काम पत्करले ते इझुमींनी. नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या निवासी अकादमीत ते प्रशिक्षक झाले.