किल्ली गुरूंजवळ, दार मात्र शिष्यांना बंद

१/ एखाद्या विद्यापीठाचे प्राध्यापक ज्या सन्मानाचे मानकरी आहेत, तोच सन्मान त्यांच्या विद्यार्थ्यांना मिळण्याची सोयच नसेल तर? अमेरिकेतील हॉवर्ड विद्यापीठात अनेक दशके नेमके हेच घडत होते.

२/ ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कप्पा’ या संस्थेची स्थापना केली. पुढे ती गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करणारी अमेरिकेतील अत्यंत प्रतिष्ठित संस्था ठरली. छोटी सोनेरी किल्ली हे तिचे मानचिन्ह.

३/ विद्यार्थ्याची निवड त्याच्या विद्यापीठातील शाखा करते. गुलामगिरीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन यांची १८७७ मध्ये व्हरमाँट विद्यापीठात निवड झाली. म्हणजे कृष्णवर्णीय व्यक्तीला सदस्यत्व मिळू शकत होते. परंतु कृष्णवर्णीयांच्या एकाही विद्यापीठात शाखा नव्हती.

४/ वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठ १८६७ मध्ये स्थापन झाले. श्वेतवर्णीयांची विद्यापीठे कृष्णवर्णीय विद्वानांना सहसा नेमत नसत. त्यामुळे अनेक श्रेष्ठ अभ्यासक येथे एकवटले. तत्त्वज्ञ अ‍ॅलन लॉक यांनी ही किल्ली हार्वर्डमध्ये मिळवली होती, जीवशास्त्रज्ञ अर्नेस्ट जस्ट यांनी डार्टमथमध्ये, तर कवी स्टर्लिंग ब्राऊन आणि इतिहासकार रेफर्ड लोगन यांनी विल्यम्स महाविद्यालयात.

५/ वर्णभेदाने या विद्वानांना एकत्र आणले आणि त्यातूनच मार्ग निघाला. कारण शाखेसाठी अर्ज करतात ते त्या विद्यापीठातील सदस्य-प्राध्यापकच. त्यानंतर ग्रंथालय, अध्यापकवर्ग आणि अभ्यासक्रम यांची कसून तपासणी होते.

६/ १९५२ मध्ये हॉवर्ड आणि टेनेसीतील फिस्क या दोन विद्यापीठांना मंजुरी मिळाली. एप्रिल १९५३ मध्ये शाखा प्रत्यक्ष सुरू झाल्या. संस्थेच्या स्थापनेला तेव्हा १७६ वर्षे उलटून गेली होती! हॉवर्डच्या शाखेसाठी झटलेले लॉक त्याच वर्षी निवृत्त झाले आणि १९५४ मध्ये निवर्तले.

७/ फिस्कमधून १८८८ मध्ये पदवी घेतलेले डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना त्या विद्यापीठाच्या नव्या शाखेने १९५८ मध्ये सदस्यत्व दिले. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. त्यांची विद्वत्ता जगाने केव्हाच मान्य केली होती. सन्मान देणारी शाखा तेवढी पासष्ट वर्षे उशिरा आली.