कृष्णराव भेगडे : सभागृहापासून वर्गापर्यंत

स्मरणिकेसाठी ‘मावळच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आधी मनात आली ती कार्ल्याची लेणी, लोहगड-विसापूर आणि १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना पत्करावी लागलेली शरणागती. पण हे सगळे आपण याच शाळेत, याच बाकांवर बसून शिकलो आहोत. ज्या इतिहासात आपण स्वतः होतो, त्याच्याविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. म्हणून या लेखात थोडा तो इतिहास आणि त्याच्या निमित्ताने मावळच्या एका आमदाराची ओळख.

आपल्या तुकडीने १९७६ मध्ये दहावीची परीक्षा दिली, त्याला यंदा पन्नास वर्षे झाली. आपण नव्या आकृतिबंधाची दुसरी तुकडी. माझा थोरला भाऊ याच शाळेतून जुनी अकरावी म्हणजे मॅट्रिक झाला. त्याच्या वेळी शालान्त परीक्षा अकरावीला असे आणि ती होईपर्यंत मुलगा किंवा मुलगी आपल्याच शाळेत असे. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, अकरावी शाळेतून निघाली आणि बारावीसह ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नव्या नावाखाली गेली.

कागदावर हा बदल एका वर्षाचा. घरात मात्र तो फार मोठा होता. पूर्वी मॅट्रिक होऊन मुलगी घरी राहिली तरी ‘मॅट्रिक झाली’ असे अभिमानाने सांगता येई आणि त्यावर नोकरीही मिळे. आता दहावी झाली की पुढचे शिक्षण पंधरा-सोळाव्या वर्षीच घरापासून दूर गेले. ज्यांच्या गावाजवळ अकरावीचा वर्ग नव्हता, त्यांना पुण्याची वाट धरावी लागणार होती. तेव्हा आजच्यासारखी लोकल नव्हती. पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली ती १९७८ मध्ये. मधल्या काळात मोजक्या गाड्या, त्यांच्या वेळा आणि पावसाळ्यात अंधारून येणारी संध्याकाळ. माझी मावशी शिवाजीनगरला राहत होती म्हणून माझी सोय झाली. माझ्या बाकावरच्या दोघींची मावशी पुण्यात नव्हती. गणितात त्या दोघीही माझ्यापेक्षा हुशार होत्या. त्या दहावीनंतर घरी बसल्या आणि दोन वर्षांत त्यांची लग्ने झाली.

सभागृहात घेतलेला एखादा निर्णय तालुक्यात येईपर्यंत कसा होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. निर्णय चुकीचा नव्हता. पण तो पेलायला गावाजवळ भिंती, वर्ग आणि शिक्षक हवे होते, आणि ते मुंबईहून येणार नव्हते. तालुक्यातल्याच कोणाला तरी ते उभे करावे लागणार होते. कृष्णराव भेगडे यांची कारकीर्द मला महत्त्वाची वाटते ती या ठिकाणी.

कृष्णराव तळेगाव दाभाड्याचे. गेल्या वर्षी, ३० जून २०२५ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले. त्यांच्याशी माझा वैयक्तिक परिचय नव्हता, त्यामुळे आठवणी सांगण्याचा अधिकार मला नाही. मी सांगते ते सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींवरून.

१९७२ मध्ये ते मावळमधून विधानसभेवर निवडून आले, ते भारतीय जनसंघाचे उमेदवार म्हणून. त्या निवडणुकीचे वारे आठवा. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशचे युद्ध जिंकलेले, इंदिराबाईंचे नाव घरोघरी. महाराष्ट्रातल्या २७० जागांपैकी २२२ काँग्रेसने जिंकल्या. जनसंघाच्या वाट्याला आल्या अवघ्या पाच. त्या पाचांतली एक मावळची! जेमतेम छत्तिशीच्या उमेदवाराने राज्यभराच्या लाटेविरुद्ध ही जागा काढली. पक्षाचे चिन्ह पाहून नव्हे, तर माणूस पाहून मते पडल्याशिवाय असे घडत नाही.

पाच जणांच्या गटाला सभागृहात काय करता येत असेल? सरकार पाडता येत नाही, कायदा अडवता येत नाही. प्रश्न विचारता येतात, गाऱ्हाणी मांडता येतात आणि सरकारी यंत्रणा कशी चालते हे जवळून पाहता येते. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. रोजगार हमी योजनेची पायाभरणी याच काळातली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आकृतिबंध बदलला तोही याच विधानसभेच्या काळात. म्हणजे आपल्या पिढीच्या पाटीवर ज्या गोष्टी लिहिल्या गेल्या, त्या लिहिल्या जात असताना मावळचा हा आमदार विरोधी बाकावर बसलेला होता.

१९७७ मध्ये जनसंघ जनता पक्षात विलीन झाला. १९७८ च्या निवडणुकीत कृष्णराव पुन्हा निवडून आले, पण काँग्रेसकडून. या पक्षबदलाबद्दल त्या वेळी चहाच्या टपरीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत भरपूर चर्चा झाली. ज्या विचाराच्या नावावर मते मागितली, तो सोडला, असे एक बाजू म्हणे. तालुक्याची कामे सत्तेच्या जवळ राहिल्याशिवाय होत नाहीत, असे दुसरी म्हणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि पक्षनिष्ठेला मी कमी लेखत नाही. पण एक गोष्ट नमूद करायला हवी. १९७८ साली काँग्रेसमध्ये जाणे म्हणजे वाऱ्याबरोबर जाणे नव्हते. आणीबाणीनंतरचा राग ताजा होता, काँग्रेस दुभंगलेली होती आणि २८८ पैकी ९९ जागा जिंकून जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला. ज्या वर्षी त्यांचे जुने सहकारी विजयी होत होते, त्या वर्षी हे पराभूत होत चाललेल्या पक्षाकडून उभे राहिले आणि जिंकले. लागोपाठच्या दोन निवडणुकांत दोन उलट्या दिशांचे वारे, आणि दोन्ही वेळा हा उमेदवार वाऱ्याविरुद्ध! कारण काहीही असो, संधिसाधूपणा एवढ्या एका शब्दात हे बसत नाही.

ती विधानसभाही पुरती चालली नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये ती बरखास्त झाली. पुढे कृष्णराव विधान परिषदेवरही गेले आणि शरद पवारांचे निकटचे सहकारी म्हणून ओळखले गेले. पण आमदारकीची वर्षे मोजत बसलो तर हा हिशोब चटकन संपतो. आमदारकीला मुदत असते, बरखास्तीही असते. त्यांनी जिथे जास्त वर्षे घालवली ते ठिकाण दुसरेच होते.

ते समजण्यासाठी तळेगावचा थोडा मागचा इतिहास पाहावा लागेल. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. स्वदेशीच्या चळवळीत, १९०६ मध्ये, त्यांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय काढले. ते पुढे तळेगावला आले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेला पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात सुरू झाला. सरकारला या शाळेचे शिक्षण राजद्रोहाचे वाटले आणि १९१० मध्ये ती बंद पाडण्यात आली. पण शाळेला कुलूप लागले तरी बी मेले नाही. नवे समर्थ विद्यालय उभे राहिले आणि नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ आजही ती परंपरा सांगते. या मंडळाची धुरा कृष्णरावांनी वाहिली. इंद्रायणी विद्या मंदिर ही संस्था तर त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. आज या दोन संस्थांत मिळून शाळेपासून पदवी आणि अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण तळेगावात मिळते.

आमच्या वेळी दहावीनंतर अडलेल्या मुलीला काय हवे होते? सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी घरी परत येता येईल इतक्या अंतरावरचे कॉलेज. कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, अंतर एवढेच. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या आईबापांना पुणे म्हणजे ‘पाठवणे’ होते, तळेगाव म्हणजे ‘जाऊन येणे’. या दोन क्रियापदांत किती मुलींचे आयुष्य अडकले होते, हे मी पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत अठ्ठावीस वर्षे शिकवताना पाहिले. माझ्या त्या दोन मैत्रिणींपैकी एकीच्या मुली तळेगावातच पदवीधर झाल्या.

शिक्षण क्षेत्रातून विधिमंडळात जाण्याची परंपरा पुणे जिल्ह्याला नवी नाही. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमध्ये शिकवणारे गोपाळ कृष्ण गोखले मुंबईच्या कायदे मंडळातून कलकत्त्याच्या मध्यवर्ती मंडळात गेले. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. फर्ग्युसनचेच इंग्रजीचे प्राध्यापक ग. प्र. प्रधान पुणे पदवीधर मतदारसंघातून अठरा वर्षे विधान परिषदेवर होते आणि तेथे विरोधी पक्षनेतेही झाले. ही माणसे विचार घेऊन सभागृहात गेली. कृष्णरावांचा मार्ग निराळा. ते थेट गावकऱ्यांच्या मतांवर गेले आणि सभागृहातून परत येऊन संस्थेत बसले. गोखल्यांचे विधेयक पडले तरी विचार टिकला. कृष्णरावांची आमदारकी संपली तरी वर्ग भरत राहिले. राज्याला दोन्ही प्रकारची माणसे लागतात. एक नियम करतो, दुसरा तो नियम आपल्या तालुक्यात पाळता येईल अशी जागा करतो.

इथे एक कडू गोष्टही बोलायला हवी, नाहीतर हा लेख नुसता गौरव होईल. महाराष्ट्रात राजकारण आणि शिक्षणसंस्था यांचे नाते फार जवळचे आहे आणि ते नेहमीच निर्मळ राहिलेले नाही. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि ‘शिक्षणमहर्षी’ या शब्दाशेजारी ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द आला. निवडणूक आली की शिक्षकांनी चिठ्ठ्या वाटायच्या, नेमणुकीसाठी शब्द टाकायचा, देणगीच्या पावतीवर प्रवेश ठरायचा, हे राज्यात अनेक ठिकाणी घडले. मावळात कृष्णरावांना लोक शिक्षणमहर्षी म्हणत आले. पण अशी उपाधी एकदा दिली की काम संपत नाही. संस्थापक असेपर्यंत संस्था त्याच्या नावावर चालते. तो गेल्यावर ती कोणाच्या धाकाने आणि कोणाच्या प्रेमाने चालायची, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर आमदार देणार नाही. ते पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी द्यायचे आहे.

मावळ आता पूर्वीचा राहिलेला नाही. तळेगावजवळ २००८ मध्ये मोठा मोटार कारखाना सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस बंदही पडला. ज्यांच्या हाती शिक्षण होते, त्यांना दुसरीकडे वाट मिळण्याची आशा तरी राहिली. द्रुतगती मार्गाच्या कडेच्या जमिनी गेल्या, पैसे आले आणि कित्येक घरांतून ते गेलेही. शिकलेला मात्र खर्च होत नाही, असे आमचे सर म्हणत. त्या वेळी आम्ही हसायचो.

आपल्या मेळाव्याच्या बैठकीत जमलेल्या निधीतून शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधावी, अशी सूचना आहे. कमान छान दिसेल, तिच्यावर आपल्या तुकडीचे नावही येईल. पण माझी विनंती निराळी आहे. आजही बारावीनंतर प्रवासाच्या खर्चापायी शिक्षण सोडणाऱ्या मुली या तालुक्यात आहेत. दर वर्षी शाळेच्या शिक्षकांनी सुचवलेल्या पाच मुलींचा लोकलचा पास आणि परीक्षेचे शुल्क आपण भरावे. हिशोब लेखी ठेवावा आणि तो दर वर्षीच्या मेळाव्यात वाचावा.

माझ्या बाकावरच्या त्या दोघींपैकी एक मेळाव्याला येणार आहे. तिने फोनवर विचारले, “मी काय सांगू गं तिथं, मी तर दहावीच.” मी म्हटले, “तू मला गणित शिकवलंस, हेच सांग.”